तोंडी सगळं येतं, वाचता मात्र येत नाही: चौथीतल्या मुलाला काय आणि कसं शिकवायचं

प्रश्न एका दोनशिक्षकी शाळेतल्या शिक्षिकेचा आहे. तिसरी आणि चौथी त्यांच्याकडे आहे. चौथीतला एक मुलगा ऐकलेल्या गोष्टीवरच्या प्रश्नांची उत्तरं सगळ्यांच्या आधी देतो, बाजारातला हिशोब तोंडी करतो, पण धड्यातली एक ओळ वाच म्हटलं की गप्प होतो. वहीत लिहिलेलं त्याचं त्यालाही वाचता येत नाही. घरचे म्हणतात, आळशी आहे, दोन ठेवून द्या. ही अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी अडचण) असेल का, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी पाठवावं का, आणि तोपर्यंत त्याला काय शिकवावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मॅडम, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत बहुतेक वेळा वर्ष निघून जातं, आणि मुलाचं नेमकं तेच वर्ष वाया जातं. प्रमाणपत्राची वाट बघू नका, उद्यापासून शिकवायला लागा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या १६ व्या कलमात शाळांवर टाकलेली जबाबदारीही हीच आहे: मुलांमधली विशिष्ट अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखायची आणि त्यावर अध्यापनाचे योग्य उपाय करायचे. आधी कागद आणा, मग शिकवू, असं तिथे म्हटलेलं नाही.

शिवाय काय शिकवायचं हे त्याची वही ज्या बारकाईने सांगेल, त्या बारकाईने कुठलंही प्रमाणपत्र सांगत नाही. प्रमाणपत्रावर डिस्लेक्सिया (वाचनाची अडचण), डिसग्राफिया (लेखनाची), डिसकॅल्क्युलिया (गणिताची) यांपैकी एखादा शब्द असतो. मुलाला काना वाचता येतो पण वेलांटीवर तो अडतो, हे त्यावर लिहिलेलं नसतं. तुम्हाला उद्याच्या तासाला गरज त्या दुसऱ्या माहितीची आहे.

आता ही अध्ययन अक्षमता असेल का? ऐकून समजणं उत्तम आणि वाचून समजणं जवळजवळ शून्य, ही दरी तुम्ही टिपलीत हे फार चांगलं केलंत. डिस्लेक्सियाची शंका इथूनच येते. पण त्याआधी चार गोष्टी तपासा. डोळे, कान, हजेरी आणि घरची भाषा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा या मुलाचं नाव त्यांना स्वतःहून सांगा आणि डोळे-कान नीट बघून घ्या. कान वारंवार वाहत असेल तर त्याला ‘प’ आणि ‘फ’ मधला फरक ऐकूच येत नसेल. हजेरीपट मागच्या तीन वर्षांचा काढा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली मुलं दिवाळीच्या सुमारास जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांचं वाचन मागे असतं ते शिकवलंच गेलं नाही म्हणून. अशा मुलाला नीट शिकवलं की दोन-तीन महिन्यांत तो झपाट्याने पुढे सरकतो. घरी कोरकू, पावरी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला मराठी वाचता न येण्याचं कारण बऱ्याचदा मराठीच नवी असणं हे असतं. या मुलांना अध्ययन अक्षमतेचा शिक्का मारणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि तो सर्रास होताना मी पाहते.

मानसिक विकारांच्या निदानासाठी जगभर वापरली जाणारी डीएसएम-५ ही नियमावली सांगते की, नेमकी मदत देऊनही अडचण किमान सहा महिने टिकली पाहिजे, तरच हे निदान करावं. म्हणजे तुम्ही जे सहा महिने शिकवाल ते मुलाच्या उपयोगाचे आहेतच, पण पुढे निदान करणाऱ्यांनाही त्याच नोंदी लागणार आहेत. शाळकरी मुलांमध्ये वाचन, लेखन, गणित मिळून ५ ते १५ टक्के मुलांना ही अडचण असते असं तीच नियमावली म्हणते. तुमच्या दोन वर्गांत मिळून असं दुसरं एखादं मूल असेल. ते कदाचित शांत बसणारं असेल, म्हणून लक्षात आलं नसेल. मुलींच्या बाबतीत हे फार होतं.

आता वही. मुलाला पाच-सहा शब्दांचं एक वाक्य सांगून लिहायला लावा. समजा वाक्य आहे: ‘शिक्षकांनी मुलांना वाघाची गोष्ट सांगितली.’ वर्गातल्या मागे पडलेल्या सगळ्यांनाच द्या, म्हणजे एकालाच वेगळं काढल्यासारखं होणार नाही. मग वह्या शेजारी शेजारी ठेवा आणि लाल पेन बाजूला ठेवून वाचा.

एकाने लिहिलेलं असेल: ‘शीकशकानी मूलाना वाघाची गोश्ट सांगीतली.’ हे मोठ्याने वाचून बघा. वाक्य बरोबर ऐकू येतं. प्रत्येक ध्वनी जागेवर आहे, चुकलंय ते ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर, ‘ष’ आणि अनुस्वार. याला ध्वनी कळतात, लिखित रूप लक्षात राहत नाही. चौथीतली अनेक सर्वसामान्य मुलंही असं लिहितात, त्यामुळे एवढ्यावरून घाबरू नका.

दुसऱ्याने लिहिलं: ‘शिकनी मुना वाची गोट सातली.’ इथे शब्दाच्या पोटातली अक्षरं गळली आहेत. ‘सांगितली’ मधलं ‘गि’ त्याला वेगळं सापडतच नाही. या मुलाला शंभर वेळा शुद्धलेखन लिहायला लावून काडीचा उपयोग नाही. त्याचं काम आधी कानाने आणि तोंडाने करावं लागतं.

तिसऱ्याने ‘शिक्षकांनी वाघ गोष्ट’ एवढंच लिहून सोडून दिलं. त्याला दोन-दोन शब्द तोडून सांगा. मग बरोबर लिहिलं, तर अडचण वाक्य डोक्यात धरून ठेवण्याची आहे. आणि चौथा, वाक्य अगदी बरोबर लिहितो, पण त्याला दहा मिनिटं लागतात, अक्षरं ओळीवरून घसरतात, पेन्सिलीचा दाब इतका की मागच्या पानावर उठतं. त्याला शब्दातली अक्षरं तोंडी विचारा, पटापट सांगेल. त्याची अडचण हाताची आहे. चौघांनाही आपण ‘लेखनात कच्चा’ म्हणतो, आणि चौघांनाही लागणारं शिक्षण वेगळं असतं.

वही बघताना एक बारीक गोष्ट खास पाहा. ‘भ’, ‘ध’, ‘थ’ या तिन्ही अक्षरांच्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते. बरीच मुलं आधी सगळी अक्षरं काढतात आणि मग शब्दावरून एक सरळ रेघ ओढतात. झालं, ‘भ’चा ‘म’, ‘ध’चा ‘घ’, ‘थ’चा ‘य’ होतो. पुढे स्वतःचंच लिहिलेलं वाचताना ‘भात’ तिथे ‘मात’ दिसतो आणि मुलगा गोंधळतो. तुमच्या मुलाला त्याचं लिहिलेलं वाचता येत नाही, त्यात याचा वाटा असू शकतो. शिरोरेषा अक्षरागणिक द्यायला शिकवा. ही एवढी साधी सवय बदलल्यावर काही वह्या एकदम वाचनीय होतात.

दुसरी तपासणी बाराखडीची. ‘क’ची बाराखडी त्याला पाठ येत असणार, कारण आपण ती सुरात म्हणून घेतो. आता फळ्यावर ‘तो, की, मू, ले, सा’ असं उलटसुलट लिहा आणि बोट ठेवून विचारा. तो ‘तो’ पाशी थांबून मनातल्या मनात ‘त, ता, ति, ती’ पुटपुटत तिथवर पोचत असेल, तर त्याला बाराखडी म्हणता येते, वाचता येत नाही. प्रत्येक अक्षरासाठी असा फेरा मारणारा मुलगा ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरणारच. पाठांतर आणि ओळख यांत आपली शाळा गल्लत करते, आणि तिचा सगळ्यात मोठा फटका याच मुलांना बसतो.

आपल्या लिपीबद्दल थोडं सांगते, कारण अध्ययन अक्षमतेवरचं बरंचसं साहित्य इंग्रजीला डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं आहे आणि ते जसंच्या तसं मराठीला लावलं की फसगत होते. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ नसतो, म्हणून तिथे डिस्लेक्सिया असलेलं मूल चुकीचं वाचतं. मराठीत बहुतेक अक्षरं लिहिल्याप्रमाणे वाचली जातात. त्यामुळे आपलं मूल पाचवी-सहावीपर्यंत बरोबर वाचायला शिकतंही, पण अतिशय संथ वाचतं. मग शिक्षक म्हणतात, वाचता येतं की! येतं, पण परीक्षेच्या वेळात प्रश्नपत्रिका वाचून होत नाही. म्हणून वाचन तपासताना बरोबर किती याबरोबर वेगही बघा. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनाचा जो अभ्यास केला, त्यात अक्षरं शिकण्याची प्रक्रिया चौथी-पाचवीपर्यंत चालू राहते असं दिसलं. कन्नडची अक्षररचना मराठीसारखीच, व्यंजनाला स्वरचिन्ह लावून होणारी. तेव्हा दुसरीतल्या मुलाला सगळी जोडाक्षरं येत नाहीत यात काही बिघडलेलं नाही. चौथीतल्या मुलाला साधा काना-वेलांटी येत नाही, ही मात्र काळजीची गोष्ट आहे.

मग शिकवायचं कसं? रोज वीस मिनिटं. आठवड्यातून एकदा दोन तास बसवण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं कितीतरी जास्त काम करतात. तुमच्या तिसरीत याच पातळीवरची तीन-चार मुलं असतील, त्यांच्याबरोबर एक गट करा. तो एकटा राहणार नाही आणि तुमचाही वेळ वाचेल. वेळ रोज तीच ठेवा. खेळाचा किंवा चित्रकलेचा तास काढून घेऊ नका, तोच त्याचा दिवसातला सुखाचा तास असतो.

पहिल्या आठवड्यात सुट्या अक्षरांच्या चिठ्ठ्या करून त्याला कुठली अक्षरं क्षणात ओळखता येतात आणि कुठल्यावर थबकतो, एवढंच बघा. थबकणारी अक्षरं दोन-दोन करून शिकवा, आणि दिसायला सारखी अक्षरं एकाच आठवड्यात आणू नका. ‘ग म भ न’ हा क्रम लिहायला सोपा म्हणून आपल्याकडे रूढ आहे. पण गोंधळणाऱ्या मुलाला ‘म’ पक्का झाल्याशिवाय ‘भ’ दाखवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘घ’ आणि ‘ध’ मध्ये तर महिनाभराचं अंतर ठेवा.

मग स्वरचिन्हं, एका वेळी एक. काना झाला की मी दुसरी वेलांटी घेते, पहिली मागे ठेवते. कारण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि नंतर उच्चारायची असते. डावीकडून उजवीकडे नुकतं वाचायला लागलेल्या मुलाला ही उलटापालट जड जाते.

ही वीस मिनिटं कशी घ्यायची ते सांगते. समजा दुसरी वेलांटी चालू आहे. सुरुवातीची तीन-चार मिनिटं कालचे शब्द झरझर वाचून घ्या. मग पुस्तक-पाटी बाजूला ठेवून तोंडी खेळ: “माती म्हण. ‘ती’ काढ, ‘डी’ ठेव.” “माडी.” “आता ‘मा’ काढून ‘गा’ ठेव.” “गाडी.” “‘डी’च्या जागी ‘दी’?” “गादी.” हे जमायला लागलं की स्वर बदला: माळी, माळा, मेळा. इथे अक्षर तेच राहतं आणि आतला स्वर तेवढा बदलतो, म्हणून हे अवघड आहे, आणि वाचायला शिकण्याची किल्ली यातच आहे. वर ज्या मुलाच्या शब्दांतली अक्षरं गळत होती, त्याला तर हा खेळ रोज हवाच.

मग तेच शब्द फळ्यावर लिहा आणि वाचून घ्या. प्रत्येक शब्द म्हणत म्हणत लिहायला लावा: ‘गा’ म्हणताना ‘गा’ लिहायचा, ‘डी’ म्हणताना ‘डी’. तोंड, कान, डोळा, हात एकाच वेळी कामाला लावण्याची ही पद्धत अमेरिकेतल्या ऑर्टन आणि गिलिंगहॅम या अभ्यासकांच्या १९३० च्या दशकातल्या कामापासून चालत आली आहे. रव्यात किंवा मातीत बोटाने गिरवणंही त्यातलंच. मात्र गिरवताना तोंडाने ध्वनी निघाला नाही, तर ते नुसतं चित्र काढणं होतं. शेवटी शिकवलेल्या अक्षरांतलंच एक वाक्य वाचू द्या: ‘माझी काठी नदीत पडली.’ यात काना आणि दुसरी वेलांटी सोडून काहीही नाही. त्याला आख्खं वाक्य स्वतःच्या जोरावर वाचता आलं पाहिजे. चौथीत येईपर्यंत ज्याला हा अनुभव कधी मिळालेला नाही, त्याच्या चेहऱ्यावर त्या दिवशी काय दिसतं ते बघाच.

वाचताना अडला तर लगेच शब्द सांगू नका आणि ताटकळतही ठेवू नका. अडलेल्या अक्षरावर बोट ठेवा, चार-पाच सेकंद थांबा, नाही आलं तर सांगून पुढे चला. ‘क, र, व, त’ असं सुटं वाचून भलताच शब्द बोलणाऱ्या मुलाला ‘कर-वत’ असे दोन तुकडे पाडायला शिकवा. अंदाजाने वाचू नकोस, असं रागावून सांगण्यापेक्षा बोटाने अर्धा शब्द झाकणं जास्त उपयोगी पडतं.

जोडाक्षरं शेवटी, आणि प्रकारागणिक. ‘र’ची चार रूपं, ‘सूर्य’ मधला रफार, ‘चक्र’, ‘ट्रक’ आणि ‘दऱ्या’, ही चार स्वतंत्र धडे म्हणून घ्या. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ फोडून दाखवत बसू नका, नवी अक्षरं म्हणूनच ओळखायला लावा. या टप्प्यापर्यंत यायला त्याला दीड-दोन वर्षं लागू शकतात, आणि ते ठीक आहे.

हे सगळं चालू असताना त्याचं परिसर अभ्यासाचं, गणिताचं, गोष्टींचं शिक्षण थांबता कामा नये. वाचन येईपर्यंत ज्ञान अडवून ठेवलं, तर मूल दोन्हीकडून मागे पडतं. धडा त्याला वाचून दाखवा, शेजारच्या मुलीला वाचायला सांगा, उत्तर तोंडी घ्या. फळ्यावरून उतरवून घ्यायला लावू नका. त्याची डोळ्यांपासून वहीपर्यंतची वाटच लांबची आहे, दोन ओळींत तो थकतो. प्रकट वाचन अचानक त्याच्यावर येऊ देऊ नका. वाचायला द्यायचंच असेल तर आदल्या दिवशी तीन ओळी खुणा करून द्या, घरी चार वेळा वाचून येऊ द्या, आणि वर्गात त्याच तीन ओळी त्याच्याकडे येतील असं बघा. घटक चाचणीत प्रश्न वाचून दाखवा. परिसर अभ्यासाच्या पेपरात शुद्धलेखनाचे गुण कापू नका, तिथे आपण परिसर अभ्यास तपासत असतो.

गणितात तुमचा मुलगा तोंडी हिशोबाला पक्का आहे, म्हणजे संख्येची जाण शाबूत आहे. अडचण बहुधा लिहिण्याची आणि शाब्दिक उदाहरण वाचण्याची असेल. तरी एक बघा: ‘त्रेपन्न’ सांगितलं की ३५ लिहितो का? मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, लिहिताना मात्र दशक आधी. ‘एकोणसाठ’ ऐकून ६९ लिहिणारी मुलं प्रत्येक शाळेत असतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धत आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. गणित विषय समितीच्या डॉ. मंगला नारळीकर तेव्हा शांतपणे समजावून सांगत होत्या की, जोडाक्षरांचे आणि उलट क्रमाचे संख्याशब्द लहान मुलांना अवघड जातात. मराठीच्या सौंदर्याबद्दल तेव्हा पुष्कळ बोललं गेलं, या मुलांबद्दल फारसं कुणी बोललं नाही. मी डिसकॅल्क्युलियाच्या मुलांना आजही ‘पन्नास तीन’ म्हणायला लावते, सोबत ‘त्रेपन्न’ही सांगते, आणि दहा-दहा काड्यांचे गठ्ठे हातात देते. वही चौकटींची द्या, म्हणजे एककाखाली एकक येईल. पाढे पाठ होत नसतील तर तक्ता समोर ठेवू द्या. पाढ्यांपायी भागाकाराची समज अडकवून ठेवू नका.

इंग्रजीबद्दल एवढंच: मराठी वाचनाची घडी बसेपर्यंत तोंडी इंग्रजीवर भर द्या.

आता प्रमाणपत्र. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते वयाच्या आठ वर्षांनंतरच मिळायचं, आणि १४ व्या व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी व्हायची. २०२४ मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्या, त्यामुळे आत्ताचा नियम रुग्णालयात विचारून घ्या. तुमच्या मुलाचं वय बसतं. अर्ज दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राच्या पोर्टलवरून होतो, तपासणी शासकीय रुग्णालयात. मुंबईत सायन, केईएम, नायर यांसारख्या रुग्णालयांत ती सोय बऱ्याच वर्षांपासून आहे, बाकी ठिकाणी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी लागते. तपासणी एका दिवसात होत नाही: बालरोगतज्ज्ञ बघतात, बुद्ध्यांक काढतात, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी होते. पालकांचा दर खेपेला रोज बुडतो, हे लक्षात ठेवून त्यांना आधीच पूर्ण कल्पना द्या आणि जन्मदाखला, आधार, वह्यांच्या प्रती, तुमच्या नोंदी पहिल्याच खेपेला बरोबर पाठवा. चाचणी मराठीतून व्हावी असा आग्रह धरा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेलं ‘डाली’ हे साधन २०१५ पासून हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. मराठी माध्यमाच्या मुलाची इंग्रजी उताऱ्यावर केलेली तपासणी त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही.

प्रमाणपत्राचा खरा उपयोग पुढे, परीक्षांत. महाराष्ट्राने १९९६ पासूनच दहावीत या मुलांना सवलती द्यायला सुरुवात केली, देशातल्या फार थोड्या राज्यांनी इतक्या लवकर हे केलं. ज्यादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, गणकयंत्र अशा त्या आहेत, आणि मुलागणिक काय मिळेल ते प्रमाणपत्र व मंडळाचे नियम ठरवतात. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अध्ययन अक्षमता नव्हतीच. २०१६ च्या कायद्याने जी २१ दिव्यांगत्वं मानली त्यांत ती आली. म्हणून आता हा हक्क आहे, कुणाच्या मेहेरबानीचा विषय नाही. तरीही परीक्षा केंद्रावर माहिती नसल्याने अडवणूक होते. २०२१ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला ज्यादा वेळ मिळाला नाही, ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं. तेव्हा प्रमाणपत्र काढायला लावाच. फक्त ते आलं म्हणजे शिकवणं झालं, असं होऊ देऊ नका. सवलती घेऊन दहावी पास झालेली आणि तरीही बसवरची पाटी वाचता न येणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला अतिशय वाईट वाटतं.

पालकांशी बोलताना सुरुवात प्रमाणपत्राने करू नका. वडिलांना शाळेत बोलवा, त्यांच्यासमोर मुलाला एक गोष्ट सांगा आणि प्रश्न विचारा. तो फटाफट उत्तरं देईल. मग म्हणा, “याची बुद्धी चांगली आहे, हे तुम्ही आत्ता बघितलंत. आळस असता तर ही उत्तरं आली नसती. वाचायची वाट याला वेगळी लागते, ती आपण शिकवतोय.” मग घरासाठी एकच काम द्या: रात्री दहा मिनिटं, त्याला येणारे शब्द, मारणं-ओरडणं नाही. आई-वडिलांना वाचता येत नसेल तर मोठ्या बहिणीला सांगा. वडील जर म्हणाले, “मलाही लहानपणी असंच व्हायचं,” तर ते नोंदवून ठेवा. ही अडचण घराण्यात चालत येते, आणि ते बोलल्यावर वडिलांचा मुलावरचा राग बराच निवळतो.

मोठमोठे शास्त्रज्ञ डिस्लेक्सिक होते, तोही कुणीतरी होईल, असं पालकांना सांगू नका. त्या गोष्टींपैकी बऱ्याचशांना आधार नाही, आणि या मुलाला शास्त्रज्ञ न होताही सन्मानाने शिकायचा हक्क आहे.

या काळात पालकांना कुणी ना कुणी रंगीत काचांचा चष्मा, डोळ्यांचे व्यायाम, स्मरणशक्तीचं टॉनिक सुचवणारच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलं आहे की डोळ्यांचे व्यायाम आणि रंगीत भिंगं यांनी अध्ययन अक्षमता बरी होत नाही. नंबर असेल तर चष्मा जरूर लावावा. बाकी पैसे वाचवा.

मुलगा चुळबुळ्या असेल, काम अर्धवट टाकत असेल, तर तेही तपासणीत सांगा. लक्ष टिकण्याची अडचण आणि अध्ययन अक्षमता अनेकदा जोडीने येतात. वाचनाच्या तासालाच पोट दुखत असेल, तर ते पोटदुखीचं नाटक आहे असं समजू नका. ते दुखणं खरं असतं.

शेवटचं, आणि हे मार्चच्या आत करायचं आहे. पुढच्या वर्षी तो तुमच्या शाळेतून जाईल, बहुधा मोठ्या गावातल्या पाचवीत, साठ मुलांच्या वर्गात, आणि तिथे त्याला कुणी ओळखणार नाही. राज्यात आता पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, त्यात तो लेखी पेपरावरच जोखला जाईल. म्हणून एका पानाची नोंद तयार करा आणि दाखल्यासोबत पाठवा, एक प्रत गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना द्या, एक पालकांकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यात ‘हुशार पण वाचनात कच्चा’ असलं मोघम काही लिहू नका. लिहा की अमुक अक्षरं पक्की आहेत, काना आणि दुसरी वेलांटी येते, पहिल्या वेलांटीवर काम चालू आहे, जोडाक्षरं घेतलेली नाहीत. लिहा की वाचून दाखवल्यास प्रश्न पूर्ण समजतात आणि तोंडी उत्तरं बरोबर येतात. लिहा की फळ्यावरून उतरवायला जास्त वेळ लागतो, आगाऊ सूचना दिली तर वर्गात वाचतो. सोबत जून महिन्यातल्या आणि मार्चमधल्या वहीचं एक-एक पान जोडा, तारखा घालून. आणि खाली तुमचा फोन नंबर द्या, म्हणजे पाचवीच्या बाईंना जुलैत प्रश्न पडला तर त्या तुम्हाला विचारू शकतील.